दोन वाटांचं विमान

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तो एका चौदा मजली इमारतीच्या गच्चीवरल्या मशीनच्या खोलीत गुडघे टेकून लिफ्टच्या पोलादी दोरातल्या तुटक्या तारा मोजत होता. चिंधी दोरावरून फिरवायची, अडकली की एक तार. मोठ्याने मोजत नवव्या तारेपर्यंत पोचला आणि खिशातला फोन थरथरला. दोर मोजताना फोन बघायचा नाही हा नियम त्याने स्वतःच सोळा वर्षांपूर्वी केला होता आणि सोळा वर्षं पाळला होता. पण गेले पाच आठवडे तो विमान कंपनीच्या निरोपांना दचकायला शिकला होता, म्हणून त्याने बघितलं. ‘प्रिय प्रवासी, आपल्या सुखकर प्रवासासाठी शुक्रवारच्या विमानाच्या प्रकारात बदल करण्यात आला आहे.’ खाली नव्या विमानाचा प्रकार होता. तो आकडा त्याला पाठ होता, चोराचा चेहरा पोलिसाला पाठ असतो तसा. एका वाटेचं विमान. तीन सीटा इकडे, तीन तिकडे, मधे बोळ. सीटच्या पाठीत पडदा नाही. पडद्याच्या जागी एक खाच आहे आणि तिच्यात प्रवाशाने स्वतःचा फोन उभा करायचा आहे. म्हणजे बोलवायचं जेवायला आणि सांगायचं, ताट घेऊन या. त्याने फोन खिशात टाकला, चिंधी उचलली, आणि लक्षात आलं की आता आठ झाल्या होत्या की नऊ, ते आठवत नाही. पहिल्यापासून मोजायला हवं. ‘सुखकर,’ तो दोराला म्हणाला. दोर काही बोलला नाही.

ते विमान त्याने पाच आठवडे शोधलं होतं. मुलीसाठी स्थळं बघावीत तसं. तेही स्वतःसाठी नाही. तो स्वतः आयुष्यात दोनदाच विमानात बसला होता आणि दोन्ही वेळा झोपला होता. विमान होतं आईसाठी. शुक्रवारी आई ताईकडे जाणार होती, अकरा तासांच्या अंतरावर, आणि तिकीट एकेरी होतं. तिकिटावर परतीच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. त्या रेघेकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि न बघण्यासाठी बघायला दुसरं काहीतरी हवं असतं, म्हणून तो विमानांचे प्रकार बघत होता. कुठल्या विमानाला किती इंजिनं, कुठल्याच्या पडद्याची रुंदी किती बोटं, कुठल्या पडद्याला बोटाने टोचावं लागतं आणि कुठल्याला हात टेकायच्या दांडीत लपवलेलं बटण असतं, कुठली रांग पंखाच्या वर येते, कुठल्या सीटखाली यंत्राची पेटी असते आणि पाय पसरता येत नाहीत. जगात अशी माणसं आहेत जी हे सगळं लिहून ठेवतात, हे त्याला चाळिसाव्या वर्षी कळलं. त्यांतला एकजण स्वतःला ‘मागची रांग’ म्हणवायचा. त्याला काहीही विचारा, तासाभरात उत्तर. ‘त्या विमानाच्या एकतिसाव्या रांगेतल्या मधल्या पडद्याचा आवाज डाव्या कानातच येतो,’ असं तो शपथेवर सांगायचा. इतक्या निष्ठेने माणसाने काहीतरी उपयोगाचं केलं असतं तर, असं या लिफ्ट-तपासनीसाच्या मनात आलं होतं, आणि लगेच, आपण वहीत हे उतरवून घेतो आहोत तर मग आपण कोण, असंही आलं होतं.

अट आईची होती. ताईने फोनवर तासभर समजावलं, रडली, मग रागावली, मग पुन्हा समजावलं, तेव्हा आई म्हणाली होती, “येते. पण मागच्या वेळचं विमान पाहिजे. तो घोडा बघायचा राहिलाय.” तीन वर्षांपूर्वी आई ताईकडे महिनाभर राहून परत येताना तिने विमानात एक सिनेमा पाहिला होता. म्हणजे पाहिला नव्हता, तीच तर तक्रार. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा घोडा लांबच्या गावी विकला जातो आणि तो घोडा दावं तोडून परत घरी चालत निघतो. दोन तास तो चालतो. डोंगर चढतो, बर्फात पडतो, एका शाळेच्या अंगणात रात्र काढतो. शेवटी नदीपाशी येतो. पलीकडे घर. घोडा पाण्याकडे बघतो, एक खूर उचलतो, आणि पडदा निळा होतो: ‘आपण उतरत आहोत. कृपया सीट सरळ करा.’ आईने सीट सरळ केली. पडदा परत आला नाही. तेव्हापासून तीन वर्षं तो घोडा एक खूर उचलून नदीकाठी उभा होता आणि घरात कुठेही काही अडलं, नळाला पाणी नसलं, दुधवाला आला नाही, की आई म्हणायची, “त्या घोड्यासारखं झालंय.” त्याने सिनेमा शोधून काढायची तयारी दाखवली होती. “आई, मी घरीच लावतो तुला. मोठ्या पडद्यावर.” आई म्हणाली, “घरी पाहिला तर मग विमानात काय बघू? अकरा तास समोरच्याचं टक्कल?” या युक्तिवादात कुठेतरी भोक होतं, पण ते त्याला बोट घालून दाखवता येईना. आईच्या युक्तिवादांचं हेच असायचं. गळतं आहे हे कळायचं, कुठून ते कळायचं नाही.

दुसऱ्यांदा मोजताना तारा अकरा भरल्या. अकरा म्हणजे दोर बदलायला झाला. इमारतीचा व्यवस्थापक शिडीशी उभा राहून वर बघत होता. “साहेब, चालेल ना हो सहा महिने?” “नाही चालणार.” “नऊ लिहा ना. नऊला चालतं ना?” “अकरा आहेत.” “तुम्ही आधी नऊच म्हणालात, मी ऐकलं.” “तेव्हा माझं लक्ष नव्हतं.” “मग आता आहे कशावरून?” प्रश्न वाजवी होता. त्याने तिसऱ्यांदा मोजल्या. अकरा. लाल पाटी लावली: वापर बंद. सोळा वर्षांत त्याने एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. यात थोरपणा काही नाही, त्याला खोटं लिहिता येत नाही इतकंच. काहींना शिट्टी वाजवता येत नाही तसं. चौदा मजले उतरायला आता जिनाच होता, आणि व्यवस्थापक त्याच्या मागोमाग उतरत प्रत्येक मजल्यावर एकेक सुस्कारा सोडत होता. सातव्या मजल्यावर सुस्काऱ्यात जरा दम लागल्याचा आवाज मिसळला. लोकांना वाटतं लिफ्ट पडते. लिफ्ट पडत नाही. लिफ्ट अडकते. माणसं पडायला भितात आणि अडकण्याची तयारी कोणाचीच नसते, म्हणून लिफ्टमध्ये आरसा लावतात. पूर्वी लोक तक्रार करायचे, लिफ्ट फार हळू आहे. यंत्र बदलायला खर्च फार, म्हणून कोणी शहाण्याने आरसे लावले, आणि तक्रारी थांबल्या. वेग तोच. माणूस स्वतःकडे बघत राहतो. हे त्याला कामाच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं आणि तो खूप हसला होता. विमानातले पडदे बघताना हसू आलं नाही. तिथे अकरा तास स्वतःकडे बघत बसायची माणसाची छाती नाही, म्हणून दुसऱ्यांची आयुष्यं दाखवतात; आणि तीही शेवटाच्या आधी बंद करतात.

आई अडकली होती ती त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये. पाच महिन्यांपूर्वी, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे, पन्नास मिनिटं. शहरातल्या चारशे लिफ्टी तपासणाऱ्याची आई. तपासनीसाने स्वतःच्या राहत्या इमारतीची लिफ्ट तपासायची नाही असा खात्याचा नियम आहे, कारण माणूस स्वतःच्या घराशी एकतर फार सैल वागतो किंवा फार कडक. तेव्हा ती लिफ्ट दुसऱ्याकडे होती, आणि तो दुसरा फार सैल होता. हे त्याने ताईला समजावायचा प्रयत्न केला. ताई म्हणाली, “म्हणजे शेजारच्याचं घर तू सांभाळणार आणि तुझं घर शेजारी. वा, साहेब.” ताई त्याला रागावली की साहेब म्हणायची, आणि आता पाच महिने ती दुसरं काही म्हणालीच नव्हती. तो त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. पोचला तेव्हा तंत्रज्ञाने दार उघडलं होतं आणि आई हातातली भाजीची पिशवी न सोडता चौथ्या मजल्यावर चढून आली होती. त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, “आरसा तरी पुसत जा म्हणावं.” संध्याकाळी जेवताना पुन्हा म्हणाली, “पन्नास मिनिटं स्वतःचं तोंड. इतका वेळ मी लग्नाच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं.” तो हसला. ती हसली नाही. मग रात्री ताईचा फोन आला, आणि त्या फोनमधून हळूहळू शुक्रवार तयार झाला. आई एकटी असते दिवसभर. तू लग्न केलं नाहीस. तू चौदा मजले चढतोस आणि ती सहावा मजला चढू शकत नाही. इकडे माझ्याकडे तळमजला आहे, बाग आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं असतं तर लाल पाटी लावता आली असती.

रस्त्यावर येऊन बाकावर बसून त्याने विमान कंपनीला फोन लावला. आधी बारा मिनिटं बासरी वाजली. मग एक गोड आवाज.

“नमस्कार सर, आपली काय मदत करू?”

“शुक्रवारचं विमान बदललंय.”

“हो सर. आपल्या सुखकर प्रवासासाठी.”

“सुख आधीच्यात होतं.”

“सर, तारीख तीच आहे. वेळ तीच आहे. पोचायचं शहरही तेच आहे.” तिसरी गोष्ट तिने विशेष सवलत द्यावी तशी सांगितली.

“समोरच्या सीटच्या पाठीत पडदा असतो, तो यात नाही.”

“आता प्रवासी आपल्या फोनवरच बघतात सर. आधी आमचं ॲप घ्यायचं, मग नोंदणी करायची...”

“आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. फोनवर ती फक्त रागावते.”

“सर, मग तुम्ही काय बघू इच्छिता?”

“घोडा,” तो म्हणाला. पाच आठवडे डोक्यात तोच शब्द होता, तोच बाहेर पडला.

“घोडा आहे का सर बरोबर? आधी सांगायचं ना! जनावरांसाठी वेगळा विभाग आहे. जोडून देते, फोन ठेवू नका.”

“अहो नाही, ऐका—” बासरी. यावेळी वेगळी, जरा खालच्या पट्टीतली, बहुधा जनावरांना शांत करणारी. आणि मग एक पुरुषी आवाज, ज्याला सुखकर वगैरे शब्द शिकवलेलेच नव्हते.

“बोला. घोडा ना? उंची किती?”

त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. “माहीत नाही,” तो म्हणाला. “मी बघितलेला नाही. आईने बघितलाय.”

“आई जवळ आहेत? विचारा ना.”

“घोडा सिनेमातला आहे हो.”

“असू दे. वजन तर असेलच,” तो माणूस शांतपणे म्हणाला. जनावरांच्या विभागात बसलेल्याला कशाचंच नवल वाटत नसावं. “आत्ता कुठे आहे घोडा?”

“नदीकाठी.”

“कधीपासून?”

“तीन वर्षं झाली.”

“मग त्याला घाई दिसत नाही. तुम्हालाच आहे. नीट सांगा बघू पहिल्यापासून.”

आणि त्याने सांगितलं. भर दुपारी, वाहनांच्या आवाजात एक कान दाबून, कुठल्यातरी अनोळखी माणसाला, ज्याचं काम घोड्यांना विमानात चढवणं होतं. एकेरी तिकीट. अडकलेली लिफ्ट. दोन वाटांचं विमान, एकविसावी रांग, वाटेकडची सीट, पडद्याला बटण हाताच्या दांडीत नको कारण आईचं कोपर त्याच्यावर पडतं आणि सिनेमा बदलतो. सिनेमाची लांबी दोन तास सव्वीस मिनिटं. पाच आठवड्यांत त्याने सहा विमानं नापास केली होती. एकाचा पडदा लहान, एकाच्या सिनेमांच्या यादीत घोडा नाही, एकात आहे पण त्याच महिन्यात काढणार, एकाची उतरायची वेळ अशी की पुन्हा जेवणाच्या गडबडीत शेवट हुकावा. बोलता बोलता त्याला ऐकू आलं की ही यादी कोणाला ऐकवली तर फार विचित्र वाटते. सहातली तीन तरी चांगली होती. पाचव्याला तर काहीही झालेलं नव्हतं. त्याने ‘मागची रांग’ला चार वेळा विचारून विचारून त्याच्यात खोट काढली होती, आणि खोट निघाली तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. आईचं जाणं एक आठवडा पुढे गेलं होतं. तपासनीस असा नापास करायला बसला तर कुठलं यंत्र पास होईल? सातव्यात मात्र खोट सापडेना. दोन वाटा, पडदा, यादीत घोडा. आईला जाऊन सांगितलं, “मिळालं गं!” आई नॅपकिनच्या घड्या घालत होती. “मिळालं?” ती म्हणाली. मग तोच नॅपकिन तिने उलगडला आणि पुन्हा घडी घातली, आणि पुन्हा उलगडला. तेव्हा त्याला वाटलं होतं, आनंदाने सुचत नाहीसं झालंय.

“हॅलो, आहात का?” जनावरांच्या विभागातला माणूस विचारत होता. “त्याच दिवशी दोन तासांनी आमचं मोठं विमान आहे. दोन वाटांचं. मला माहीत आहे, कारण त्याच्याच पोटात आठ मेंढ्या जाणारेत. मी वर शब्द टाकतो. संध्याकाळपर्यंत निरोप येईल.” मग जरा थांबून, “आई जाणार म्हणजे तुम्ही एकटेच का मग?” “हो.” “बरं,” तो म्हणाला. “जनावराला आम्ही चढवायच्या आधी एकदा विचारतो. म्हणजे त्याच्या मालकाला. पण मालकाने जनावराकडे बघून सांगायचं असतं.” आणि त्याने फोन ठेवला.

उरलेल्या दोन लिफ्टी त्याने तपासल्या, दोन्ही पास झाल्या, आणि दोन्हींत त्याने आरसे पुसले, जे त्याचं काम नव्हतं. पुसताना त्याला तिकीटखिडकी आठवत होती. आई तीस वर्षं एका सिनेमाघराच्या तिकीटखिडकीत बसली. खेळ सुरू झाला, खिडकी बंद झाली, की ती आत शेवटच्या रांगेतल्या मोडक्या खुर्चीवर जाऊन बसायची. पण पुढच्या खेळाची खिडकी आधीचा खेळ सुटायच्या वीस मिनिटं आधी उघडावी लागे, म्हणून दर सिनेमाची शेवटची वीस मिनिटं तिच्या आयुष्यातून कापलेली होती. तीस वर्षं. शेकडो सिनेमे, सगळे ऐन कड्याच्या टोकावर सोडलेले. शाळा सुटली की तो तिथेच असायचा, दारवाला त्याला फुकट बसू द्यायचा, आणि शेवट बघणं ही त्याची घरातली जबाबदारी होती. ताईकडे भांडी होती, त्याच्याकडे शेवट होते. घरी चालत जाताना आई म्हणायची, “मग? पुढे?” आणि तो सांगायचा. पहिल्यांदा खरंच सांगितलं होतं. त्या सिनेमात एक बाई बोटीने मुलाकडे निघते आणि बोट बुडते. आई रस्त्यात थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पण थांबली. तो आठ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या शेवटांमध्ये कोणीही मेलं नाही. बोटी लागल्या, पत्रं पोचली, खुनी पश्चात्तापाने वेडे झाले, आणि सगळ्यात शेवटी, सिनेमा कुठल्याही देशातला, कुठल्याही काळातला असो, सगळे घरी आले. “सगळे?” आई विचारायची. “सगळे. जेवायला बसले.” एका युद्धपटाच्या शेवटी दोन्ही बाजूंची सैन्यं घरी आली होती. ताई मागून चालताना हळूच चिमटा काढायची, कारण तिने दारवाल्याकडून खरं ऐकलेलं असायचं. पण तिनेही कधी सांगितलं नाही. खोटा आकडा न लिहिणारा माणूस! तो आरशातल्या स्वतःला म्हणाला. आरसा आता स्वच्छ होता, त्यामुळे फारच दिसत होतं.

साडेपाचला तो घरी आला. इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरला, तिसऱ्या-चौथ्याच्या मधे नेहमीसारखा श्वास रोखला, सहाव्यावर सोडला. दार उघडंच होतं. दारालगत आठवडाभर उभी असलेली आईची निळी बॅग आडवी झाली होती. तो बॅगेला वळसा घालून हात धुवायला न्हाणीघरात गेला आणि तिथे थांबला. आईचा दात घासायचा ब्रश पुन्हा पेल्यात होता. कालपर्यंत तो बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, रुमालात गुंडाळून ठेवलेला होता आणि आई दोन दिवस बोटाने दात घासत होती, कारण एकदा बांधलेलं सोडायचं नाही असा तिचा कायदा. आता ब्रश पेल्यात होता, त्याच्या ब्रशाला टेकून, आणि ओला होता. संध्याकाळी साडेपाच वाजता ओला. खोलीत येऊन त्याने बघितलं: गोळ्यांची डबी खिडकीत परत. घरातल्या सपाता पलंगाखाली परत. खुर्चीच्या पाठीवर तिची राखाडी शाल, जी सगळ्यात तळाशी भरलेली होती, म्हणजे तिच्यासाठी अख्खी बॅग उपसली असणार. पाच आठवडे त्याने जगातल्या सगळ्या विमानांच्या सीटा तपासल्या होत्या आणि घरात एक साधी गोष्ट तपासायची राहिली होती. पण तसा नियमच आहे म्हणा, स्वतःच्या घराची तपासणी दुसऱ्याकडे.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा शक्य तितका दुःखी केलेला. तिला ते कधीच जमलं नाही. तिकीटखिडकीत सगळी तिकिटं संपली हे सांगतानासुद्धा तिला हसू यायचं.

“माझ्या फोनवर आलं होतं काहीतरी सकाळी,” ती म्हणाली. “खालच्या औषधवाल्याकडून वाचून घेतलं. विमान बदललं म्हणे.”

“हो.”

“पडदा नाही?”

“नाही.”

“आणि वाट?”

“एकच.”

“बघ म्हणजे,” आई म्हणाली. “एकाच वाटेत अकरा तास. माझे गुडघे. नाही, मी जाईन हं, ताईने तिकडे खोलीला रंग लावलाय, मी नाही म्हणत नाही. पण घोड्याचं ठरलं होतं आपलं.”

“ठरलं होतं.”

“मग शब्द म्हणजे शब्द.”

एवढ्यात दोन्ही फोन एकदम थरथरले, त्याचा खिशात आणि तिचा फ्रिजवर. फ्रिज पत्र्याचा असल्यामुळे तिचा जास्त वाजला. त्याने आपला बाहेर काढला. ‘प्रिय प्रवासी, अभिनंदन! आपल्या विनंतीनुसार शुक्रवारच्या मोठ्या विमानात आपली जागा निश्चित झाली आहे. रांग २१, वाटेकडची सीट, वैयक्तिक पडदा. बदल मान्य असल्यास हिरवे बटण दाबा. अमान्य असल्यास तिकीट रद्द होऊन परतावा मिळेल.’ खाली दोन बटणं होती. आणि बटणांखाली, नियमात न बसणारी एक ओळ, कोणीतरी हाताने घातल्यासारखी: ‘मेंढ्या त्याच विमानात आहेत. विचारून घ्या.’

“काय आलं?” आई म्हणाली. तिने फ्रिजवरचा फोन उचलला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि त्याच्यापुढे केला. “वाच रे. माझा चष्मा कुठे पडलाय कोण जाणे.”

चष्मा तिच्या कपाळावर होता. केसांत सरकवलेला, दोन्ही काचा त्याच्याकडे रोखलेल्या, आणि दोन्ही काचांत खिडकी छोटी होऊन बसली होती. त्याने चष्म्याकडे बघितलं. आईने त्याला चष्म्याकडे बघताना बघितलं. फ्रिजचं यंत्र सुरू झालं आणि गुरगुरायला लागलं. “वाच ना,” आई म्हणाली, पण आता आवाज वेगळा होता, हळू, रस्त्यातून घरी चालतानाचा. त्याने आपला फोन खिशात टाकला, तिचा हातात घेतला, आणि खोटं लिहिता न येणाऱ्या त्याला शिट्टी वाजवता आली.

“प्रिय प्रवासी,” त्याने वाचलं. “कळवण्यास अत्यंत खेद होतो, की मोठं विमान मिळू शकत नाही.”

“अरेरे,” आई म्हणाली. “का म्हणे?”

“त्यात मेंढ्या आहेत.”

“सगळ्या विमानात?”

“आठच आहेत. पण वाटेकडच्या सीटा त्यांनाच लागतात.”

“लागणारच,” आई म्हणाली. “त्यांचेही पाय असतात.” ती खुर्चीवर बसली. शाल ओढून मांडीवर घेतली. “मग पुढे?”

“पुढे लिहिलंय, प्रवाशाला जायचं नसेल तर तसं सांगावं. कोणी रागावणार नाही.”

आईने शालीचा एक दोरा ओढला. बराच ओढला. “असं लिहिलंय?”

“असंच.”

“आणि ताई?”

“ताईला मी सांगेन. ती मला साहेब म्हणेल. वर्षभर म्हणेल.”

“लिफ्ट?”

“उद्या खात्यात अर्ज देतो. नियम बदला, नाहीतर दुसरा तपासनीस बदला. नाहीच झालं तर आपण घर बदलू. तळमजला इथेही असतो, आई. मी इतकी वर्षं वरूनच बघत आलो.”

दोरा आईने बोटाला गुंडाळला, सोडला, गुंडाळला. मग मान हलवली, म्हणजे एकदाच, खाली. त्याने लाल बटण दाबलं. ‘आपली खात्री आहे?’ फोनने विचारलं. पाच आठवड्यांत कोणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. त्याने पुन्हा दाबलं. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. ताईच असणार, निरोप तिलाही जायची सोय तिने करून ठेवली होती. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. दोघं ऐकत बसली, दाराबाहेर पाहुणा उभा आहे आणि घरात कोणी कपडे बदलत आहे, तसं.

“घेशील जरा वेळाने,” आई म्हणाली. “आधी त्या घोड्याचं सांग. आता काही मी तो बघत नाही. तू तर बघितलाच असशील, एवढं शोधलंस.”

त्याने बघितला नव्हता. सिनेमाची लांबी, पडद्याची उंची, रुंदी, यादीतला क्रमांक, सगळं पाठ होतं, पण शेवट माहीत नव्हता. तो स्टुलावर बसला.

“घरी आला,” तो म्हणाला.

“आला? नदी ओलांडून?”

“हो.”

“एवढी मोठी नदी?”

“कुठली मोठी. लांबून वाटत होती. त्याने तो उचललेला खूर टाकला पाण्यात, तर पाणी गुडघ्याएवढंच.”

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने कपाळावरचा चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

“गुडघ्याएवढं पाणी!” ती म्हणाली. “मग तीन वर्षं उभा कशाला होता मेला?”